परिच्छेद सत्तेचाळीस

फाइल पंधरा जानेवारीला सकाळी तिच्या यादीत आली. नावापुढे लाल खूण होती, म्हणजे अर्जदाराला घाई होती आणि घाईचं जादा शुल्क त्याने भरलं होतं. अशा अर्जाचा पहिला अहवाल पंधरा दिवसांत पाठवावा लागतो.

शोधाचं नाव लांबलचक होतं: नवजात बालकांच्या प्रकाशोपचारासाठी प्रकाश एकसमान करणारी व पसरवणारी रचना. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. तो प्रकाश बाळाच्या सगळ्या अंगावर सारखा पडायला हवा. दिवा मात्र ठिपक्यासारखा असतो, मध्ये प्रखर आणि कडेला मंद. म्हणून दिव्यापुढे काचेची एक षटकोनी कांडी बसवतात. प्रकाश तिच्या भिंतींवर आपटत पुढे जातो आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मिसळून एकसारखा होतो. त्या टोकाला दुधी काचेची चकती चिकटवलेली असते, ती त्याला पसरवते. पेटंट कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर ती बावीस वर्षं अशा कांड्या आणि चकत्या तपासत होती.

परीक्षकाने यंत्र चालतं का, हे बघायचं नसतं. ते नवं आहे का, एवढंच बघायचं. जगात कुणी, कुठेही, कुठल्याही भाषेत हे आधी सांगून ठेवलंय का? नसेल तर पेटंट द्यायचं.

"अहो बाई, लाल खूण आली वाटतं," समोरच्या टेबलावरून पणजोबा म्हणाले. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि त्यांना एकही नातवंड नव्हतं. पण कुठलाही शोध समोर ठेवला की ते त्याचा शंभर वर्षांपूर्वीचा पूर्वज हुडकून काढत, म्हणून ऑफिसने त्यांचं हे नाव पाडलं होतं.

"आली. कांडी आणि चकती."

"पुन्हा? काचेच्या कांड्या संपत कशा नाहीत या जगात?"

"या वेळी चकती नाहीये. कांडीचं टोकच खरबरीत केलंय. चिकटवायची भानगडच काढून टाकली."

"बरं आहे की. मला का नाही सुचलं?"

"तुम्हाला सुचलं असतं तर तुम्हीच त्याचा पणजोबा शोधून नाकारलं असतं."

तीन दिवस तिने जुनी कागदपत्रं धुंडाळली. जवळपास जाणारं बरंच सापडलं, नेमकं तेच असं काही सापडलं नाही. शोध नवा होता. चौथ्या दिवशी तिने अर्जाचं वर्णन पहिल्यापासून सलग वाचायला घेतलं. बरेच परीक्षक शेवटचे दावे, म्हणजे हक्क नेमका कशावर हवा ते, तेवढे वाचतात, वर्णन चाळतात. ती वाचायची.

परिच्छेद सत्तेचाळीस हे तुलनेसाठी दिलेलं उदाहरण होतं. आपला शोध किती चांगला हे दाखवायचं तर आधीचं किती वाईट होतं हे सांगावं लागतं, आणि अर्ज लिहिणारे वकील ते हात राखून सांगत नाहीत. तिथे लिहिलं होतं: "ज्ञात उपकरणात कांडी व चकती यांमधील चिकट थर सुमारे दोन हजार तासांच्या वापरानंतर आकसतो व त्यात पोकळी निर्माण होते. पोकळीच्या जागी प्रकाश न पसरता सरळ खाली उतरतो. ३५ सेंमी अंतरावर १४ मिमी लांबीचा लंबगोल ठिपका आढळला. ठिपक्यातील तीव्रता सभोवतालच्या सहापट होती. त्वचेस इजा संभवते."

तिने ते दोनदा वाचलं. मग उठून पाणी पिऊन आली आणि तिसऱ्यांदा वाचलं.

तिची धाकटी बहीण नर्स होती. एकोणीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा नवजात बाळांच्या कक्षात. गेल्या वर्षी एकोणीस एप्रिलला तिच्या पाळीत नऊ दिवसांच्या एका मुलीची पाठ निळ्या दिव्याखाली भाजली. लंबगोल डाग, चौदा मिलिमीटर. चौकशी अहवालातला फोटो थोरलीने पाहिला होता, त्यात डागाशेजारी मोजपट्टी ठेवलेली होती. दिवा स्टँडवरच्या खुणेवरच, पस्तीस सेंटिमीटरवर होता, असं धाकटी पहिल्या दिवसापासून सांगत होती. दिवा बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने लेखी दिलं की त्या अंतरावर त्वचा भाजणं शक्य नाही. शक्य नाही म्हटल्यावर नर्सनेच दिवा खाली ओढला असणार, असं चौकशी समितीने ठरवलं. धाकटी निलंबित झाली. आता तिची नर्स म्हणून असलेली नोंदणीच रद्द करायची का, यावर नर्सिंग कौन्सिलपुढे बावीस सप्टेंबरला सुनावणी होती. नोंदणी गेली की जगातलं कुठलंच रुग्णालय तिला दारात उभं करणार नव्हतं.

अर्जदार तीच कंपनी होती. अर्ज दाखल झाल्याची तारीख चार फेब्रुवारी, बाळ भाजण्याच्या अडीच महिने आधीची. इंजिनिअरचं पत्र मे महिन्यातलं. पत्रावर सही करणाऱ्याचं नाव अर्जातल्या तीन संशोधकांमध्ये दुसरं होतं.

अशा वेळी काय करायचं याचे दोन नियम तिला पाठ होते. फाइलीशी नात्याचा संबंध निघाला तर ती त्याच दिवशी परत करायची. आणि प्रसिद्ध न झालेल्या अर्जातला एक शब्दही बाहेर बोलायचा नाही. बोललं तर नोकरी जाते, खटलाही होतो. दुसरा नियम तिने पाळला. पहिला पाळायला हवा होता. पण दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर तो सत्तेचाळिसावा परिच्छेद वाचेलच कशाला, असं तिला वाटलं.

तिने तारखा मोजल्या. अर्ज दाखल झाल्यापासून अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, कुणीही वाचू शकतं. म्हणजे चार ऑगस्ट. सुनावणीच्या सात आठवडे आधी. तिने काहीही केलं नाही तरी ते छापून येणार होतं. त्या दिवशी तिने धाकटीला फोन करून फक्त एवढंच म्हणायचं होतं, की अमुक क्रमांकाचा अर्ज वाच. हा हिशेब केला त्या संध्याकाळी ती बसऐवजी चालत घरी गेली.

पण ‘ज्ञात उपकरण’ हे दोन शब्द तिला स्वस्थ बसू देईनात. कोणाला ज्ञात? कोणतं उपकरण? कंपनीने ते आपलं म्हटलं नव्हतं. उद्या सुनावणीत त्यांचा वकील उठेल आणि म्हणेल, हा दुसऱ्याच कुणाचा दिवा, आमचा संबंध काय? मोघम शब्द दिसला की त्याखाली रेघ मारायची, हे तिच्या हाताला बावीस वर्षांचं वळण होतं. आक्षेप घ्यायचा तिला अधिकार होता, आणि उत्तर द्यायचं अर्जदारावर बंधन. उत्तर आलं की तेही फाइलीत जमा होणार, फाइल ऑगस्टमध्ये उघडी होणार.

तिने अहवालात तीन आक्षेप लिहिले. पहिले दोन किरकोळ होते, आकृतीतले क्रमांक आणि दाव्यातला एक शब्द. तिसरा असा: "परिच्छेद ४७ मधील ज्ञात उपकरणाचे उत्पादक, मॉडेल व चाचणीची तारीख नमूद करावी."

अहवालावर दुसऱ्या परीक्षकाची सही लागते. पणजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"हा तिसरा कशाला, बाई? असं कधी विचारतो का आपण?"

"नियमात बसतं."

"नियमात काय, ऑफिसात झोपणंही बसतं, डोळे उघडे ठेवले तर. शोध नवा आहे, देऊन टाका ना."

"मोघम आहे ते."

"मोघम असू दे. दाव्यात थोडंच आहे? वर्णनात आहे. वर्णनात लोक वाटेल ते लिहितात."

"तुम्हाला सही करायची नसेल तर तसं सांगा."

पणजोबांनी तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षांत ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. "करतो की. रागावता कशाला?" त्यांनी सही केली. तीस जानेवारीला अहवाल गेला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती धाकटीकडे गेली. धाकटीने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. सुनावणीसाठी निवेदन लिहिणं चालू होतं, सातव्यांदा. तिचा नवरा बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होता. घरातली सगळी इस्त्री आता तोच करायचा, कारण धाकटी मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहायची आणि दोन शर्ट जळाले होते.

"ऐक," धाकटी म्हणाली. "‘माझी उंची पाच फूट आठ इंच आहे. दिवा खाली ओढून मला वाकूनच काम करावं लागलं असतं.’ कसं वाटतं?"

"उंचीचं काय त्यात?"

"अगं, कंबर मोडून घ्यायची हौस आहे का मला? समितीत एकानेही हे विचारलं नाही. सगळे खुर्चीत बसून काम करणारे. तुझ्यासारखे."

"लिही मग."

"तू नीट बघ ना, ताई. तुझं कामच आहे लोकांच्या कागदात खोट काढायचं."

थोरलीने कागद हातात घेतला. तिला वाचता येईना. "थोडे दिवस थांब," ती म्हणाली. "काहीतरी निघेल."

"कुठून निघेल? कपाटातून?"

"निघेल."

"तू ना, आई आजारी होती तेव्हाही असंच बोलायचीस. निघेल, होईल, बघू." धाकटी हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "मला रोज वाटतं, मीच ओढला असेन का ग दिवा? सगळे म्हणतात तर ओढला असेल. आता मला तो दिवस नीट आठवतही नाही."

"तू ओढला नाहीस."

"तुला काय माहीत?"

थोरलीने कागदाची घडी घातली, उघडली आणि टेबलावर ठेवली. "माहीत आहे," ती म्हणाली. धाकटीला ती बहिणीची माया वाटली. बाहेरून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला.

बारा मार्चला सकाळी स्क्रीनवर फाइलीची ओळ करडी झालेली दिसली. उघडायला गेल्यावर सूचना आली: अर्जदाराने अर्ज मागे घेतला आहे, आपल्याला प्रवेश नाही.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब विभागप्रमुख होते आणि पेन्सिलला टोक करत होते.

"साहेब, लाल खुणेचा तो अर्ज. मागे घेतलाय."

"हो, पत्र आलं काल. कारण दिलं नाही, द्यावं लागतही नाही."

"मग तो प्रसिद्ध होईल ना?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, हे तुम्ही मला विचारताय? छपाईची तयारी सुरू होण्याआधी मागे घेतला तर होत नाही. तयारी जूनमध्ये सुरू होते. तो अर्ज आता नाहीच. कधी नव्हताच, असं धरायचं."

"चांगला शोध होता. मिळत होतं पेटंट."

"तेच नवल वाटतं मला. घाईचे पैसे भरून आले आणि तीन साध्या आक्षेपांवर पळून गेले. तिसरा काय होता तुमचा?"

तिने सांगितलं.

"हं," साहेब म्हणाले आणि पेन्सिल पुन्हा उचलली.

जागेवर येऊन ती बसली. बावीस वर्षांत पेटंट हातात येत असताना अर्ज मागे घेणारा अर्जदार तिने पाहिला नव्हता, म्हणून तो शक्य आहे हे तिच्या हिशेबात आलंच नव्हतं. कंपनीला सत्तेचाळिसावा परिच्छेद कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं; वकिलाने लिहिला, संशोधकांनी आकडे दिले, वरच्यांनी वाचलाही नसेल. तिच्या आक्षेपाने त्यांना तो वाचायला लावला. उत्पादक कोण, मॉडेल कोणतं, चाचणी कधी केली. हेच तीन प्रश्न विचारून ऑगस्टच्या आत तो नाहीसा करायची वेळही तिनेच त्यांना दिली. ती गप्प राहिली असती तर पुरे होतं. फाइल परत केली असती तरी पुरे होतं.

पणजोबांनी चहाचा कप तिच्या टेबलावर आणून ठेवला. तो चहा तसाच गार झाला.

त्या रविवारी तिने धाकटीला सगळं सांगितलं. नियम मोडला होता, पण आता मोडून कुणाचं भलं होणार नव्हतं, हे तिला बोलतानाच कळत होतं. रुग्णाची तक्रार ऐकून घ्यावी तसं धाकटीने ऐकून घेतलं.

"तुला कधी कळलं?"

"एकोणीस जानेवारीला."

"फेब्रुवारीत तू इथे बसली होतीस तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मी म्हटलं, मीच ओढला असेन का. तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि तू गप्प बसली असतीस तर?"

"तर चार ऑगस्टला छापून आलं असतं."

धाकटी उठली, खिडकी उघडली, पुन्हा बंद केली. "म्हणजे जिथे बोलायचं तिथे गप्प बसलीस," ती म्हणाली, "आणि जिथे गप्प बसायचं तिथे बोललीस."

"मी सुनावणीत येऊन सांगेन."

"काय सांगशील? कागद आहे?"

"नाही. मला पाठ आहे."

"पाठ आहे," धाकटी म्हणाली. ती इतकी मोठ्याने हसली की नवरा दारात येऊन उभा राहिला.

बावीस सप्टेंबरला थोरलीने साक्ष दिली. कौन्सिलच्या खोलीत तीन सदस्य होते, एक टंकलेखिका होती, आणि कंपनीच्या वतीने एक वकील होता, अगदी तरुण आणि नम्र. मागच्या बाकावर भाजलेल्या मुलीची आई होती. तक्रार तिची होती. थोरलीने अर्जाचा क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, परिच्छेद शब्दशः म्हणून दाखवला.

"आपलं यांच्याशी नातं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"सख्खी बहीण."

"हे आपण जानेवारीत वाचलंत, आणि फाइल आपल्याकडेच ठेवलीत?"

"हो."

"तेव्हा कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही. परवानगी नव्हती. आजही नाही."

वकील उभा राहिला. "असा कोणताही अर्ज अस्तित्वात नाही," तो म्हणाला. अध्यक्षांनी पेटंट कार्यालयाकडे विचारणा केली होती. तिथून आलेलं एका ओळीचं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं: सदर क्रमांकाचा अर्ज सार्वजनिक नोंदीत आढळत नाही. खाली साहेबांची सही होती. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासलेल्या थोरलीला त्या दोन्ही वाक्यांत काढण्यासारखी चूक सापडली नाही.

निर्णय तासाभरात आला. नोंदणी रद्द. बहिणीच्या साक्षीला आधार नाही, आणि तिच्या वर्तनाबद्दल तिच्या कार्यालयाला कळवण्यात यावं.

धाकटीने निकालाची प्रत घेतली, पिशवीत घातली आणि कुणाकडेही न बघता जिन्याकडे निघाली. थोरली तिच्यामागे चार पावलं गेली.

"अहो, थांबा जरा."

मुलीची आई होती. तिशीची असेल. अख्खी सुनावणी तिने हात मांडीवर ठेवून ऐकली होती.

"तुम्ही आत म्हणालात ते खरं आहे?"

"हो."

"तुमच्या बहिणीला वाचवायला नाही ना म्हणालात?"

"वाचवायलाच म्हणाले. पण खरं आहे."

आईने मान डोलावली. जिन्यावरून धाकटीच्या चपलांचा आवाज खाली खाली जात होता. "मग ते दिवे," आई म्हणाली, "अजून तिथेच आहेत ना? गेल्या महिन्यात माझी नणंद बाळंत झाली त्याच दवाखान्यात. बाळाला कावीळ होती. दोन दिवस ठेवलं होतं दिव्याखाली."

जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत थोरलीने तारखा मोजल्या होत्या, नियम आठवले होते, परिच्छेद पाठ केला होता, बहिणीची नोंदणी, बहिणीचं नाव, बहिणीचा राग, सगळ्याचा विचार केला होता. रोज सकाळी कुणीतरी ते दिवे लावत असेल, आणि त्यांच्याखाली रोज कुणाचं तरी बाळ असेल, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"तुम्हाला सांगायला बंदी आहे," आई म्हणाली. "मला नाही ना?"

"तुम्हाला नाही."

आईने पर्समधून पेन काढलं. निकालाची तिची प्रत उलटी केली, भिंतीला टेकवली, आणि कोऱ्या बाजूवर वर तारीख घातली.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "किती तासांनी बिघडतो म्हणालात?"

"दोन हजार."

"म्हणजे किती दिवस?"

खाली रस्त्याकडचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. थोरलीने जिन्याकडे पाहिलं नाही.

"दिवसरात्र चालू ठेवला तर त्र्याऐंशी," ती म्हणाली. "लिहा."